यंदा पिशव्या हलक्या

२ नोव्हेंबर, मानोरा
नणंद शालू, अंगणवाडीतली सेविका, सकाळीच दारात. "वयनी, अंगणवाडीले सुट्या हायेत. सायकली काढू, निंगू आता."
नाही म्हटलं. रस्ताभर सोयाबीनच्या ट्रॉल्या, ऊनही अजून चटके देतंय. गेल्या वर्षी असंच घाईनं निघालो. गॅसची शेगडी, गादी, दोन पातेली! आसेगावलाच दम संपला, सायकली टेम्पोत घालून परत. चौकातली पोरं अजून विचारतात, "काकू, टेम्पो किती अवरेज देते?" मीही हसते. आत जळतं.

१९ नोव्हेंबर
ठरलं. मार्गशीर्षात, शालू रजा टाकणार. सोयाबीन निघालेलं, तूर उभी, मोकळ्या वावरात तंबूला जागा. प्रश्न फक्त हिवाचा. शालू पांघरायच्या दोन जाड रजया घेऊन आली, परत पाठवल्या. मशीनवर बसले. जुन्या नायलॉनच्या साड्या, मध्ये कापसाचा पातळ थर, गळ्याशी नाडी. अशा झोपायच्या दोन पिशव्या.
हे दारातून, "पोतं शिवून राह्यली का?"
"हाव. मलेच भराले."

४ डिसेंबर
सायकलला टांगायची भरलेली पिशवी एका हातानं उचलता आली नाही, तर त्यातलं काहीतरी घरी राहील. शेगडी बाद. भाकरी, ठेचा, पंक्चरचं सामान, अंगावरचा सोडून एकच ड्रेस. शालूची पावडरची डबी दोनदा बाहेर काढली. मग राहू दिली. भांडणात दम कशाला घालवा.

८ डिसें., आसेगावच्या पुढे
गेल्या वर्षीच्या त्या जागी थांबलोच नाही! शालूनं नुसती घंटी वाजवली, वाजवतच राहिली.
वावराची मालकीण गंगामावशी. "इथं झोपता? घर नाई का तुमाले?"
"हाय ना. पण तंबूतच झोपाचं हाय."
"कायले?"
"हौस." मावशी हसली, तुरीच्या शेंगा उकडून आणल्या. मिठाच्या. अहाहा.

९ डिसें., सकाळ
तंबू दवानं चिंब. आम्ही कोरड्या. शालू म्हणते पिशवीत घाम आला! आज मालेगाव, आपलं वाशिमचं.

१० डिसें., मेडशी
घाट मुद्दाम उतरलो. तोच चढून यायचा होता. सामानासकट.
अर्ध्यात मांड्या पेटल्या. मागून शालू, "वयनी, उतरू का?"
"नोको उतरू! माह्या चाकाकडं पाह्य!"
मागून एसटी. हॉर्न. वाटलं, आता शिव्या. ड्रायव्हरनं खिडकीतून हात काढला, "चढा बाई, चढा!"
शेवटच्या वळणावर डोळ्यांपुढे अंधारी. पण पाय टेकला नाही. दोघींचाही नाही.
वर आलो, सायकली गवतात आडव्या टाकल्या, कडेला बसून हसत सुटलो. रडलोही बहुतेक. नंतर चहा, भजी, परत भजी. पन्नाशी आली, पण असं काही… लग्नातसुद्धा नाही.

१३ डिसें., मानोरा
चौकातून मुद्दाम हळू आलो. टेम्पोचं नाव कोणी काढलं नाही. एकानं विचारलं, "घाट चढून आल्या? खरंच?"
"तुया मायले पाठव पुढच्या खेपी," शालू म्हणाली.

संध्याकाळी ह्यांनी अडगळीतली स्वतःची सायकल काढली. चेनला तेल घातलं. माझ्याकडे न बघता, "पुढच्या टायमाले मीबी येऊ का?"
त्यांच्या पाठीमागून शालू जोरजोरात मान हलवतेय, नाही, नाही.
मी कणीक मळत होते. मळतच राहिले.