हिरड्याचं पाणी आणि माझी जीभ

८ नोव्हें.
सहा कातडी आज कमवायला टांगली. म्हशीची, एकाहून एक. हौदात मुरून झाली होती, सुरेखानं त्यांच्या पिशव्या शिवल्या. सून होऊन दोनच वर्षं झाली, पण टाका काय घालते! शिवणीतून थेंब नाही. पाणी झिरपायचं ते कातड्यातूनच, तसंच पाहिजे. हिरड्याचं नि बाभळीच्या सालीचं पाणी वरून भरायचं, खाली टबात धरायचं, परत वर.
पुण्याच्या जोशीबाईंचा फोन. चपला-पिशव्यांचा कारखाना त्यांचा. "शिंदेकाका, क्रोमचा कणसुद्धा नको हं." म्हटलं, बाई, नऊ वर्षं परमुलखात क्रोमच्या रसायनाच्या ड्रमावर काढलीत. ते निळं पाणी कुठं जातं बघितलंय, म्हणून तर गावी आलो. माझी वापरलेली साल लोक मळ्यात खताला मागून नेतात.
आमच्या पोराचं, संतोषचं, नेहमीचंच. "दादा, हा लॉट जमला तर ठीक. न्हाई तर मी क्रोमचा ड्रम आणनार. एका दिवसात कातडं तयार." बोलू दे लेकाला.

११ नोव्हें.
दिवाळीनंतरचा ताप गेला. जाताना काय घेऊन गेला ते आज कळलं.
टबातलं पाणी बोटानं जिभेवर घेतलं. काहीच नाही. चूळ भरून परत घेतलं. हिरड्याचा तुकडा चघळला. लाकूड!
चाळीस वर्षं धंदा या जिभेवर. पाण्यात कस किती उरला, नवीन साल कधी घालायची, सगळं जिभेनं. नेवाशात कुणालाही विचारा, शिंद्याची जीभ म्हणजे काय ते.
संतोषला सांगितलं, अजून दोन-तीन दिवस हेच पाणी चालंल. नुसत्या रंगावरून. खोटं बोललो.

१३ नोव्हें.
ही राहुरीला बहिणीकडं, म्हणून सैपाक सुरेखाचा. आमटीत मीठच नाही. संतोषनं पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. तोवर मी वाटी संपवून "झकास झालीय" म्हणून मोकळा. संतोष हसला, "दादा सुनेची बाजू घेत्यात." सुरेखा हसली नाही. माझ्याकडं बघत राहिली. नको तिथं हुशार आहे ही पोरगी.

१४ नोव्हें.
संतोष साल आणायला गेला तेवढ्यात सुरेखा आलीच.
"मामा, तोंडाची चव गेलीय ना तुमच्या?"
"कोण म्हनतं?" खेकसलोच.
ती टबाशी गेली, बोट बुडवलं, जिभेवर टेकवलं. "ह्याच्यात निम्माबी तुरटपणा न्हाई."
"तुला काय कळतं?"
"आमी भंडारदऱ्याकडची मानसं. हिरडं येचतच मोठी झाले मी. पोरं चिंच खात्यात तसा आमी हिरडा चघळायचो."
आमच्यात बायका शिवणीपर्यंत. पाण्याची चव बापाकडून लेकाकडं. संतोषला ती कधी आलीच नाही, सतरा वर्षांचा असल्यापासून गालात तंबाखू. पण म्हणून काय सुनेला विचारायचं? दिवसभर बोललो नाही तिच्याशी.
संध्याकाळी नवीन साल घातली. तिनं सांगितलं म्हणून घातली. इथं तरी खरं लिहितो.

१९ नोव्हें.
आता रोजचं ठरलंय. संतोष आंघोळीला गेला की ती चव बघते, मला सांगते, मग मी मोठ्यानं हुकूम सोडतो.
आज तिची परीक्षा घेतली. तीन वाट्या. एकीत ताजं, एकीत चार वेळा फिरवलेलं, तिसरीत दोन्ही मिसळून. तिन्ही ओळखली. वर म्हणते, "तिसरीत फसवताय व्हय मामा?"
इतका आनंद झाला की ओरडलोच तिच्यावर, जा, शिवणीचं बघ म्हणून. माझी जीभ ऐन भरात होती तेव्हाही मिसळलेलं मी असं झटक्यात ओळखलं नसतं. लिहायला जिवावर येतंय, पण आहे ते आहे.
संतोष जेवताना म्हणाला, "दादांची जीभ म्हंजे जीभ. ताप आला तरी चुकत न्हाई." सुरेखा खाली मान घालून वाढत होती. लाज वाटली मला.

२५ नोव्हें.
राहुरीचे डॉक्टर. "चव येईल परत, नाहीतर नाही. सांगता येत नाही." एवढं ऐकायला दोन तास बाकड्यावर. हिला सांगितलं, पोटासाठी गेलतो.

३० नोव्हें.
जोशीबाई आल्या. सगळं सविस्तर लिहितो.
संतोषनं त्याची काचेची नळी पाण्यात सोडली. "बघा मॅडम, दाट आहे. आठवडाभर आरामात चालंल." नळी दाटपणा सांगते, तुरटपणा नाही. जुनं मेलेलं पाणीही दाटच असतं. हजारदा सांगितलंय त्याला.
सुरेखा चहा घेऊन आली होती. सकाळी तिनं चव बघितलेली, पण बाई आल्या नि मला सांगायचं राहिलं. हळूच म्हणाली, "पानी मेलंय."
संतोष तापला. "तू चहा दे फक्त."
जोशीबाई माझ्याकडं वळल्या. "काका, तुम्ही सांगा. तुमच्या जिभेच्या भरवशावर तर आलेय मी."
बोट बुडवलं, जिभेला लावलं. कोरडं. म्हणता आलं असतं, व्हय, मेलंय. उत्तर बरोबर आलं असतं, मान राहिला असता, कुणाला कळलं नसतं. ओठावर आलंही होतं.
म्हटलं, "बाई, माझी जीभ दिवाळीपासून बंद हाय. ही सहाही कातडी सुरेखाच्या जिभेवर चाललीत. ती म्हणती मेलंय, तर मेलंय."
संतोषच्या हातात नळी तशीच. जोशीबाईंनी एका कातड्याचा कोपरा कापायला लावला. बाहेरून तांबूस, छान, आणि मधोमध सुताएवढी पांढरी रेघ. कच्चं. त्याच पाण्यावर आठवडा काढला असता तर आत नासलं असतं.
"रेघ गेली की कळवा," बाई म्हणाल्या. "तेव्हा ठरवू." जाताना सुरेखाला म्हणाल्या, "तुमचं नाव काय?" तिनं सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. माझी छाती फुगली.
जुनं पाणी काढलं. सगळं नवीन.

३ डिसें.
संतोष तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. ड्रमचा विषय काढत नाही, पण सोडलाय असंही नाही. बापानं लपवलं याचा राग, का बायकोला जमलं याचा, विचारायची माझी टाप नाही.
आज सकाळी चाकू घेऊन पिशव्यांपाशी आला. "दादा, कोपरा कापून बघू का? गेली आसंल रेघ." मलाही घाई झालेली. म्हटलं, काप, आणि कोपरा ताणून धरला.
मागून सुरेखा आली. टबात बोट, जिभेवर, डोळे मिटून जरा थांबली. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडं बघतोय.
"अजून चार दिवस कुनी हात लावायचा न्हाई."
संतोषनं माझ्याकडं बघितलं, मी संतोषकडं. दोघांनीही हात मागं घेतले.