धुरोबाचा वाटा

२ नोव्हेंबर, रविवार

सुखरूप पोचलो. जतहून तासगावला येताना एसटीत खिडकीशी जागा मिळाली, चक्कर आली नाही, लोणच्याची बरणीही फुटली नाही. सगळ्या वाटेने मला तीच काळजी लागून राहिली होती. उत्कर्षा, माझी नात, स्टँडवर स्कुटी घेऊन उभी होती. आई-बाप गेले तेव्हा ती मांडीएवढी होती. मी आणि माझी बायको हरणाबाई, आम्ही दोघांनी तिला वाढवली. आता हरणाबाईही नाही. पोरगी म्हणाली, आजा, माळावर मेंढरांशी किती बोलशील, माझ्याकडं ये.

जागा चांगली आहे. द्राक्षबागेच्या कडेला दोन खोल्या, आणि शेजारी बेदाण्याचं लांबच लांब शेड. उन्हाळ्याच्या तोंडाला या शेडात जाळ्यांवर द्राक्षं वाळत घालतात, आत्ता ते मोकळं आहे. बाग जयराजच्या वडिलांची. जयराज उत्कर्षाच्या वयाचा, गोरा, चष्मेवाला. उत्कर्षा कोल्ड स्टोरेजच्या हापिसात कामाला जाते.

तिने ही वही दिली. डॉक्टर म्हणाले, आजोबांना काळजीचा आजार आहे, मनातलं कागदावर उतरवू द्या. मी चौथी शिकलेला. तरी लिहितो. गॅसचं बटण बंद केलं का ते तीनदा बघितलं. बंद आहे. झोप येईल असं वाटतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दर रविवारी शेडात पोरं जमतात. उत्कर्षा म्हणाली, आमचं कॅम्पेन चालतं. मला वाटलं, नगरपालिकेला उभी राहिली की काय पोरगी, अंगावर काटाच आला. पण तसं नाही, खेळ आहे. मनातलं राज्य, मनातली माणसं, मनातली लढाई. जयराज गोष्ट सांगतो आणि बाकीचे चौघे त्या गोष्टीतली माणसं होतात. घाव बसला की नाही, हे वीस तोंडांच्या फाशावर ठरतं.

दोन राज्यं आहेत, माळ आणि काठ. माळाला पाणी नाही, काठाला आहे. उत्कर्षा माळाची राणी. बागेवर ट्रॅक्टर चालवणारा पप्पू तिचा सेनापती. सिद्धू हा सैन्यभरतीसाठी रोज पहाटे पळणारा पोरगा, तो काठाचा सेनापती. रेश्मा दवाखान्यात नर्स आहे. ती खेळात सभेतली मतं फोडून काठाची कारभारीण झाली. दोन्ही राज्यांचा देव एकच, धुरोबा. काठाच्या सभेने ठराव केला की धुरोबा आमचाच, माळकऱ्यांनी त्याच्या नावाने पाणी मागायचं नाही. त्यावरून युद्ध पेटलंय.

मी जयराजला विचारलं, हा धुरोबा कुठला? तो हसला. म्हणाला, आजा, त्याला मीच केलाय, कागदावर.

९ नोव्हेंबर, रविवार

आज बसून बघितलं. चहा करून दिला. पोरं गमतीची आहेत. पप्पू सिद्धूला म्हणाला, गड्या, भरतीला पळून पळून तुझं पाय लांबलं, डोस्कं हाय तेवढंच ऱ्हायलं. सिद्धू मला म्हणाला, आवं आजा, तुमी कुणाच्या बाजूचं? म्हातारी मतं लवकर फुटत्यात. सगळे हसले, मीही हसलो.

मग खेळ सुरू झाला आणि हसू गेलं. पप्पूने काठाचे ओलीस धरले आणि त्यांचे कान कापून बंधाऱ्यावर टांगले. सिद्धूने माळाचं एक गाव जाळलं. बायका विहिरीत उड्या टाकतात, वरून दगड पडतात, असं जयराज हळू आवाजात सांगत होता. माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. उत्कर्षाचे डोळे चमकत होते. ती मेंढीचं कोकरू मेलं तरी जेवायची नाही, ही तीच का?

आणि प्रत्येक घावाला ते 'धुरोबाच्या नावानं' म्हणतात. मला हे बरं वाटलं नाही. आमच्या घराण्यात बिरोबाची पूजा होती, माझा बाप जत्रेत भाकणूक, म्हणजे वर्षाचं भविष्य, सांगायचा. तो म्हणायचा, ज्याचं नाव रोज घेता त्याला बसायला जागा द्या, नाहीतर तो जागा शोधत फिरतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मनाला चैन पडेना म्हणून आज करून टाकलं. बांधावरचा काळा दगड उचलला, धुतला, शेडाच्या मधोमध ठेवला. भंडारा लावला, दिवा लावला आणि म्हटलं, धुरोबा, बैस. तुझा वाटा तुला मिळंल.

संध्याकाळी उत्कर्षाला दाखवलं. ती खूश झाली, जयराजला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, आजा, आता तुम्ही आमचे पुजारी.

जेवताना लक्षात आलं. देव बसवताना वाटा कुठला ते तोंडाने सांगायचं असतं. नारळ म्हणायचं, कोंबडं म्हणायचं, बोकड म्हणायचं. बाप कधी विसरला नाही. मी घाईत नुसतं 'तुझा वाटा' म्हणालो. काय ते सांगायचं राहिलं.

उत्कर्षा म्हणते, खोटा देव आहे, खोटाच वाटा घेईल. तिचं खरं असेल.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज मला कौल लावायला सांगितला. माळाने काठावर चालून जावं का? दगड ओला करून दोन बाजूंना दोन कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्याकडे कळी पडायला कधी कधी दुपार होते. इथे हात काढायच्या आत उजवी पडली.

नदीत लढाई झाली. उत्कर्षाने फासा टाकला, राणीची तलवार चालली आणि सिद्धूच्या सेनापतीचा उजवा हात मनगटापासून तुटला. जयराजने सांगितलं, हात पाण्यात पडला तरी बोटं मूठ वळत होती. पप्पूने शिट्ट्या मारल्या. सिद्धू म्हणाला, जाऊ दे की, डाव्यानं मारतो तुमास्नी.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सिद्धूचा उजवा हात वैरण कापायच्या कडबाकुट्टीत गेला. मनगटापासून. पप्पू रडत सांगत आला. सांगलीला नेलाय. हाताचे तुकडे वैरणीत मिसळले होते, म्हशी त्या गव्हाणीजवळ जाईनात.

योगायोग असेल. होतात गोठ्यात असे अपघात. बीपीची गोळी दोनदा घेतली की काय, आठवत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

उत्कर्षाबरोबर दवाखान्यात गेलो. तिला बघून सिद्धू भिंतीकडे सरकला. ती औषधं आणायला गेल्यावर त्याने मला जवळ बोलावलं. म्हणाला, मशीन बंद होतं, मी पात्यातली वैरण काढत होतो. आजा, बटण तुमच्या उत्कर्षानं दाबलं. तिनं माझ्याकडं बघत दाबलं.

मी म्हटलं, ती हापिसात होती. तो म्हणाला, तसं असंल.

घरी आल्यावर तिच्या चपला बघितल्या. कडब्याचा भुसा चिकटलेला, आणि भुशाला रक्त. तिला विचारलं. तिला काही आठवत नाही. ती खोटं बोलत नाही, लहानपणापासून मी तिचं तोंड ओळखतो. ती मला विचारत होती, आजा, तू असं का बघतोयस?

चपला बाहेरच्या चुलीत घातल्या.

२० नोव्हेंबर, गुरुवार

जयराजला बोलावून सगळं सांगितलं. वाट्याचंही. तो हसला नाही. खेळ बंद म्हणाला. रेश्मा आणि पप्पूलाही पटलं. आज जरा हलकं वाटतंय.

२३ नोव्हेंबर, रविवार

तरी सगळे आले. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. सिद्धूसुद्धा, दवाखान्यातून, पट्टीतून रक्त झिरपत असलेला. आपापल्या जागी बसले. मी आरडाओरडा केला, उत्कर्षाचा दंड धरून ओढला. ती हलली नाही. दगड हलत नाही तशी.

रेश्माने फासा टाकला. माळाचा सेनापती धान्याच्या कोठारात लपला होता. काठाच्या कारभारणीने बाहेरून कडी घातली आणि कोठार पेटवलं. जयराज सांगत होता. कातडी कशी फुगते, डोळे कसे फुटतात, कोठारातून हाका कशा येतात. सांगताना तो रडत होता. पप्पू ऐकत होता आणि मान हलवत होता, होय होय, असं झालं खरं, अशी.

शेडात धूर नव्हता. वास होता.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पप्पू गेला.

ट्रॅक्टरच्या शेडात जळाला. डिझेलचे कॅन आत होते. दाराला बाहेरून कडी. आतून दारावर त्याच्या हातांची कातडी चिकटली होती, पत्रा थंड झाला तरी निघत नव्हती. मी बघितलं. का बघितलं?

रेश्मा हौदावर हात धूत होती. कोपरापर्यंत काळे. मी विचारलं, पोरी, काय केलंस? ती म्हणाली, आजा, काय ओ? ड्यूटी संपवून आत्ताच येत्येय. आणि हाताकडे बघून किंचाळली.

पोलिस आले, गेले. कडी धक्क्याने पडली असेल, अपघात म्हणाले.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज वाटा सांगितला. नारळ फोडला, डावी कळी पडली. कोंबडं कापलं, डावी. बोकड आणला, दगडापुढे कापला, रक्त दगडावर ओतलं. दगडाने ते आत घेतलं. वाळूत पाणी जिरतं तसं. आणि डावी पडली.

दगड उचलून विहिरीत टाकायला गेलो. हाताला फोड आले. हातोडा मारला, दांडा तुटून कपाळाला लागला.

उशिरा सांगितलेला वाटा चालत नाही. आता तो त्याच्या मनाने घेणार.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

जयराजला म्हटलं, तह करून टाक. तूच सांगणारा आहेस. तो म्हणाला, आजा, मी सांगत नाही आता. तोंड उघडतो आणि येतं. मी विचारलं, पुढं काय येणार? तो सांगेना. पाय धरले त्याचे, तेव्हा बोलला. रविवारी युद्ध संपणार. देवापुढं माळाच्या राणीचा गळा चिरला की देवाचा वाटा पुरा.

राणी म्हणजे माझी पोर.

तिला घेऊन जतला जायचं ठरवलं. एसटीत बसवली. कवठ्याला गाडी थांबली, मी पाणी घ्यायला उतरलो, वळून बघतो तर ती रस्त्याने तासगावकडे चालत निघालेली. अनवाणी. हाका मारल्या, ऐकल्या नाहीत. रिक्षाने आणली तिला. आणली म्हणजे, इथेच.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

बापाचं एक आठवलं. ज्याने देव बसवला तो स्वतः वाट्याला उभा राहू शकतो. कुणी राहत नाही. पण राहू शकतो.

कौल लावला. तिच्याऐवजी मी चालेन का?

उजवी पडली. लगेच.

किती दिवसांनी बरं वाटलं. वरणभात केला. पोटभर जेवलो. पोरगी म्हणाली, आजा, आज तुझी काळजी कुठं गेली?

३० नोव्हेंबर, रविवार

पप्पूच्या रिकाम्या जागी बसलो. जयराजने विचारलं, तू कोण? म्हटलं, पुजारी. वाटा माझा. राणीला सोड.

मग जयराजच्या तोंडून आलं — मान्य. पुजाऱ्याचा गळा. तह होईल. पाणी दोघांचं. देव उठून जाईल.

मी म्हटलं, मग होऊ दे. फासा कोण टाकणार?

उत्कर्षाने उचलला.

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. एवढी काळजी करणारा मी, आणि हे — खेळात फासा टाकून घाव घालणाराच नंतर खरा घाव घालतो. सिद्धूच्या वेळी तेच. पप्पूच्या वेळी तेच. मी ओरडलो, दुसरं कुणीतरी टाका, सिद्धू तू टाक, रेश्मा —

वीस पडले. घाव बसला.

सगळे सैल झाले. झोपेतून उठल्यासारखे. सिद्धू तुटका हात धरून रडायला लागला. रेश्मा म्हणाली, संपलं ना? उत्कर्षाने माझ्या गळ्याला मिठी मारली. माझा गळा तिच्या गालाला लागत होता.

१ डिसेंबर, सोमवार

ती हापिसला गेली. डबा घेऊन, हसत.

पळालो तर? तर वाटा परत तिच्यावर. विष घेतलं तर? कौल लावला. डावी. मी मेलो पाहिजे आणि तिच्या हातून.

पोलिसांसाठी लिहितो. माझी नात उत्कर्षा निर्दोष आहे. तिला काही ठाऊक नसतं. देव मी बसवला. चूक माझी. रेश्माचीही नाही. सगळी माझी. खाली सही करतो.

हरिबा.

दुपार. स्कुटीचा आवाज. हापिस सुटायला अजून —

खिडकीतून बघितलं. बागेतून येतेय. उसाचा कोयता. कुठून आणला? पाय वाकडे पडत नाहीत. सरळ येतेय. तोंड कोरं. लहानपणी तापात अशी दिसायची.

मी दाराला आतून कडी घातलीय. का घातली? भ्यालो. इतकं ठरवून भ्यालो.

पहिला घाव दारावर.

हाक मारली, उत्कर्षा, पोरी, आजा हाय. थांबली. वाटलं ऐकलं. मग पुन्हा. दुसरा. फळी फुटली. पत्र्याची पट्टी उचकटलीय, तिच्या मनगटाला कापतेय, रक्त येतंय, तिला कळत नाही, ती मारतेच आहे, मारतेच —

असं नको. सिद्धूसारखा हात जाईल पोरीचा.

उठतो. कडी मीच काढ