गुणपत्रिकेची मागची बाजू

प्रिय टाचणे,

रोज फोनवर तासभर बोलतो, मग ही बया आता पत्र कशाला लिहीत बसली, असं म्हणशील. एक कारण म्हणजे फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. दुसरंही आहे, पण तिथवर पोचायला मला वेळ लागणार आहे. तेव्हा हातातली कात्री खाली ठेव, चष्मा लाव आणि निवांत बस.

परवा शाळेत निवड समिती बसली. यंदा शाळा सोडून जाणाऱ्या मुलांमधून मानाचे पाच विद्यार्थी काढायचे होते. आपल्या वेळची पद्धत अजून तशीच आहे. तीन वर्षांचे गुण एकत्र करायचे, त्यात वर्तणुकीचे पन्नासपैकी मिळवायचे आणि यादी जिन्याजवळच्या फलकावर लावायची. पहिला येईल त्याचं निरोप समारंभात भाषण आणि अध्यापक महाविद्यालयात बिनफीची जागा. भांडणंही तीच आहेत. चित्रकलेचे सर म्हणाले की वर्तणुकीचे गुण म्हणजे कोण कोणाला वाकून नमस्कार करतं त्याचे गुण, ते काढून टाका. खेळाचे सर म्हणाले की मग धावण्याचे घाला. गणिताच्या बाई दोघांवरही उखडल्या. मुख्याध्यापिका म्हणून मी मध्ये बसून तिघांकडे आळीपाळीने बिस्किटांची बशी सरकवत होते. पुढच्या वर्षी निवृत्त झाले की मला याचीच आठवण येईल बघ.

शेवटी गुणांचा तक्ता समोर आला. त्यात एक मुलगी अशी होती की जिचं पहिलं वर्ष दुसऱ्या शाळेत झालेलं. आमची नवी लेखनिक मोठी चुणचुणीत आहे, सगळं संगणकावर करते. पण मी त्या मुलीची जुनी गुणपत्रिका मागवली आणि हातात येताच उलटी केली. मागे काही नव्हतं, कोरी होती. लेखनिक हसली आणि तिने विचारलं की बाई, तुम्ही आधी मागची बाजू का बघता? सवय आहे, असं मी म्हटलं. मग सगळे जेवायला गेले आणि मी तशीच बसून राहिले.

तूही पहिलं वर्ष दुसरीकडे करून आली होतीस. वर्गात आलीस तेव्हा इतकी बारीक होतीस की मी पहिल्याच दिवशी तुला टाचणी म्हटलं आणि तू माझ्याकडे नखशिखांत बघून मला ढब्बू करून टाकलंस. तेव्हापासून आपण एका बाकावर. शेवटच्या वर्षी सगळी शाळा म्हणायची की यंदा पहिला नंबर या दोघींपैकीच एकीचा. आपण दोघी म्हणायचो की कोणाचा का असेना. तू ते मनापासून म्हणायचीस. मी नाही. माझ्या घरी वडिलांनी सांगून ठेवलं होतं की फुकट शिकायला मिळत असेल तर शिक, नाहीतर आत्याच्या दुकानात बस. तुझ्याही घरी काही वेगळं नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

त्या वर्षी लेखनिक काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. तक्ता पडताळून बघायला त्यांना कोणीतरी वाचून दाखवणारं हवं होतं आणि माझं अक्षर, माझं वाचन बरं म्हणून त्यांनी मला शाळा सुटल्यावर कचेरीत बोलावलं. जिची निवड व्हायची तिलाच कागद वाचायला बसवायचं, हे कोणत्या नियमात बसतं? पण काका भोळे होते आणि माझ्यावर त्यांचा जीव होता. मी एकेक गुणपत्रिका वाचायची, ते तक्त्यावर खूण करायचे. तुझी आली. विज्ञानासमोर एकाहत्तर होते, तक्त्यातही एकाहत्तर. काकांनी खूण केली. कागद खाली ठेवताना तो उलटा झाला. मागे शिक्क्याखाली लिहिलं होतं, विज्ञान प्रयोग, वीसपैकी अठरा. तुझ्या त्या शाळेत प्रयोगाचे गुण मागे लिहायचे आणि आपल्या काकांनी तो कागद कधी उलटलाच नव्हता. तक्त्यात मी तुझ्यापुढे अकरा गुणांनी होते.

मी कागद सुलटा केला आणि पुढची गुणपत्रिका वाचायला घेतली.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ मनाची समजूत घातली असती, की सतरा वर्षांची पोर, घाबरली, गप्प बसली. पण यादी लागल्यावर तू वही घेऊन माझ्याकडे आलीस. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता. घरी तीनदा बेरीज केली, तर मीच सात गुणांनी पुढे येतेय, असं म्हणालीस. मी हसले. तू हातचा विसरली असशील, असं म्हटलं, कारण एकदा चाचणीत विसरली होतीस आणि वर्गभर हशा झाला होता. मग तुझ्याच वहीत मी तुला ती बेरीज करून दाखवली, अठरा वगळून. तू वही मिटलीस आणि म्हणालीस की आपल्याला आकडे कधी जमायचेच नाहीत. वर माझं भाषण नीट होईना म्हणून तेही रात्रभर बसून तूच लिहून दिलंस. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या तुझ्या वाक्यांना.

मी शिक्षिका झाले. आत्याच्या दुकानात नाही, पण शिंप्याच्या दुकानात तू बसलीस. तू रडगाणं गायली नाहीस, उलट गावभर नाव काढलंस. तुझ्या हातचा कपडा अंगावर कसा बसतो हे मी तरी काय सांगावं, माझे सगळे तूच शिवलेस. पण मी बघत आले आहे. माप तू घेतेस आणि वहीत नवऱ्याकडून लिहून घेतेस. मुलांचा अभ्यास कधी घेतला नाहीस. आकडे आले की हसत म्हणतेस, हे ढब्बूला विचारा. एकेचाळीस वर्षं तू हे म्हणतेस आणि एकेचाळीस वर्षं मी ते ऐकून घेते. मला स्वतःची लाज वाटते, टाचणे. दुसरा सभ्य शब्द मला सापडत नाही.

आता दुसरं कारण. काल तुझ्या लेकीचा फोन आला होता. शिवणकला संस्थेने तुला शिवणकाम शिकवायला बोलावलं आणि तू नाही म्हणालीस, हे तू मला सांगितलं नव्हतंस. मुलींच्या परीक्षा घ्यायच्या, गुण द्यायचे, बेरजा करायच्या, ते आपल्याच्याने व्हायचं नाही, असं म्हणालीस म्हणे. संस्था सोमवारपर्यंत थांबणार आहे. लेक म्हणाली, मावशी, तूच समजाव तिला, ती तुझंच ऐकते. ते वाक्य ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही. तेव्हा हे शेवटचं ऐक. तुला गणित येत होतं. तीनदा केलेली ती बेरीज तिन्ही वेळा बरोबर होती, चुकीची होते ती मी. जुना तक्ता आणि तुझी गुणपत्रिका कपाटातून काढून दोन्ही बाजूंच्या प्रती सोबत जोडल्या आहेत, स्वतःच बेरीज करून बघ, कोणाला विचारू नकोस. शाळेच्या निवड समितीलाही मी सगळं लिहून दिलं आहे. तू रागावशील, कदाचित बोलणार नाहीस, आणि ते योग्यच होईल. मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल. संस्थेला दे, सोमवारच्या आत.

अजून म्हणू दिलंस तर, तुझीच
ढब्बू