रॉकेलवर उडालेलं रॉकेट

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी शाळेतला तो दिवस आठवला की माझे कान अजून लाल होतात. पालघरच्या शाळेत, विज्ञानाच्या तासाला तुम्ही विचारलंत, रॉकेट कशावर उडतं? मी एडवणच्या कोळ्याची पोर, ठसक्यात उठले आणि म्हणाले, "रॉकेलवर! म्हणून तर रॉकेट म्हणतात." वर्ग खो खो हसला. तुम्ही डस्टर टेबलावर आपटलंत. "दात काय काढता? रॉकेलसारख्या तेलावर खरंच उडतात रॉकेटं!" मग तुम्ही पेटत्या चिमणीवर मोठी बरणी पालथी घातलीत, ज्योत विझली. "वर आकाशात हवाच नाही. आता पेटवा रॉकेल!" माझ्या तोंडून आपसूक निघालं, "हवा बरोबर न्यायची, बाई. बाबा दर्यात जाताना प्यायचं पाणी नेतो, तशी." केवढ्यांदा ओरडलात, "शाब्बास गं वाघिणी!" त्या बरोबर न्यायच्या हवेचं नाव तुम्ही फळ्यावर लिहिलंत, ऑक्सिडीकारक.

त्या वर्षी माझी शाळा सुटणार होती. मनोरच्या बाजाराला आईबरोबर मासळीची टोपली उचलायला कुणीतरी हवं होतं. हे कळताच तुम्ही तडक आमच्या चुलीपाशी येऊन बसलात, पदराला राख लागली तरी उठला नाहीत. आई म्हणाली, "शिकून काय करल ती? म्हावराच विकायचा हाय ना?" तुम्ही म्हणालात, "पुढचं मला ठाऊक नाही. पण हिला मी सोडणार नाही." आई हरली. "न्या तुमी. पन नापास झाली त टोपली हाय."

नाही झाले नापास! बोईसरच्या कारखान्यात केमिस्ट झाले. आम्ही तोच ऑक्सिडीकारक बनवायचो, दिसायला मिठागरातल्या मिठासारखा पांढरा, पण पोटात ऑक्सिजन घेऊन बसलेला, आणि प्रत्येक बॅच माझ्या सहीनं पास व्हायची. आमचा माल भरलेलं पहिलं रॉकेट उडालं, ते दुपारी कँटीनमधल्या ट्रान्झिस्टरवर कळलं. सालवडला राहणारा ऑपरेटर ताट टाकून नाचला, "मॅडम, अपना माल ऊपर गया!" आणि मी, तिशी ओलांडलेली बाई, बाकावर चढून टाळ्या पिटत होते. जिंकलो, बाई, आपण जिंकलो!

हे पत्र टाकू तरी कुठल्या पेटीत? पण एक सांगायचंच आहे. आई अजून बाजारात गिऱ्हाइकांना सांगते, "माजी पोर रॉकेलच्या कंपनीत सायेब हाय. तिच्याच रॉकेलवर रॉकेट उडलं." मी तिला एकदाही दुरुस्त केलेलं नाही. खरं सांगू? तेवढं ऐकायलाच सुट्टीच्या दिवशी मी तिच्या टोपलीशेजारी जाऊन बसते.