काचेने ग्रेसफुली थांबावे

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.०२
हजेरीच्या मशीनवर बोट. हिरवा दिवा. एक कर्मचारी, एक बोट, हा नियम मी लिहून दिला आहे. एचआर दोन बोटं नोंदवा म्हणत होतं. पर्याय दिला की शिस्त जाते.

क्रमांक ४७ आज पूर्ण. गाडीची काच वर जाताना मध्ये काही आलं तर सॉफ्टवेअरनं ती थांबवून खाली आणायची. ते कसं व्हावं हे शब्दांत मांडणं माझं काम. त्याला रिक्वायरमेंट म्हणतात. एकूण बासष्ट. ४७ अशी: ‘अडथळा आल्यास काचेने ग्रेसफुली थांबावे.’ तीन दिवस लागले. आधी ‘ताबडतोब’ होतं. उद्धट वाटत होतं.

२४ तारखेला पुण्याच्या गाडी कंपनीची माणसं बघायला येणार. त्यांना पसंत पडलं की मी विभागप्रमुख. मनमोहन सर, आमचे मोठे साहेब, तसं बोललेले नाहीत. पण परवा चहा त्यांनी सांगितला.

संकल्प: आतापासून प्रमुखासारखं चालणं. सावकाश.

४ फेब्रुवारी
प्राचीचा प्रश्न. प्राची म्हणजे आमची टेस्टर, लालबागची, काँट्रॅक्टवर. महिनाअखेर तिला कायम करायचं की नाही, त्या फॉर्मवर सही माझी.

सर, ग्रेसफुली म्हणजे किती न्यूटन, असं तिनं विचारलं. सगळ्यांसमोर. मी म्हणालो, भाषेची जाण असली की कळतं. ती म्हणाली, काचेला नाहीये ना सर. दोघेतिघे हसले. त्यांची नावं लक्षात ठेवली आहेत.

तिचं म्हणणं, शंभर न्यूटन लिहा, त्याहून जास्त जोर लागला की काच नापास. आकडा कोणीही लिहील. मी एम.ए. आहे.

तिचे आजोबा गिरणीत होते. धागा तुटला की ओरडायचं, ते रक्तात उतरलं आहे. माझ्या आजोबांच्या गिरगावात दोन चाळी होत्या. आम्हाला तपशिलात शिरायची सवय नाही. चाळीही त्यामुळेच गेल्या, असं सुमती म्हणते. सुमती माझी बायको.

६ फेब्रुवारी
जोर मोजायचं उपकरण हवं म्हणून प्राचीचा अर्ज. परत पाठवला. शेरा: रिक्वायरमेंटमध्ये जोराचा उल्लेख नाही.

दुपारी ती लालबागच्या बाजारातून गाजरं घेऊन आली. आमच्याकडे टेबलावर गाडीचा एक दरवाजा बसवलेला आहे, काच आणि मोटरसकट. त्यात एकेक गाजर धरलं. दहातली नऊ तुटली. दहावं शिळं होतं, वाकलं.

तिनं दोष नोंदवला. खाली लिहिलं, लहान मुलाचं बोट याहून मऊ असतं. भावनिक भाषा. रिपोर्टमध्ये शोभत नाही.

शिवाय दरवाजाला लाल बटण जोडलं आहे, दाबलं की मोटरची वीज बंद. मी म्हणालो, पाहुण्यांना वाटेल आपलाच आपल्यावर विश्वास नाही, काढून टाक. हो सर म्हणाली. काढलं नाही.

७ फेब्रुवारी
उरलेली गाजरं आणि तुकडे घरी नेले. गेटवर रामूनं पिशवी उघडायला लावली. वॉचमन आहे, नियम पाळतो. रजिस्टरमध्ये गाजर लिहू का साहेब, म्हणाला. मी म्हणालो, सॅम्पल लिही. त्यानं विचार करून लिहिलं.

सुमतीनं हलवा केला. अर्धी तुटकी कशी, असं विचारलं. सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे बोट असतं तर? मी म्हणालो, पण ते गाजर होतं. तिनं हलव्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, तुझं बरोबर आहे. लग्नाला बावीस वर्षं झाली. पहिल्यांदा पटलं तिला.

११ फेब्रुवारी
दाढी करताना सुचलं. ‘अडथळा’ या शब्दाची व्याख्याच केलेली नाही. ऑफिसला पोचताच केली: ‘अडथळा म्हणजे मानवी अवयव.’

गाजर आपोआप बाद. दोष बंद केला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: गाजर. तक्त्यात बासष्टच्या बासष्ट ओळी हिरव्या, म्हणजे पास. मनमोहन सर म्हणाले, अरे वा, सगळं हिरवं. एवढंच बोलून गेले, पण खांद्यावर हात ठेवून.

प्राची म्हणाली, मग आता टेस्ट कशावर करू? मी म्हणालो, ते टेस्टरनं बघायचं. तिचा फॉर्म ड्रॉवरमधून काढून टेबलावर ठेवला, पेन वर ठेवलं, पुन्हा आत ठेवला. तिला दिसेल असं. ती जागेवर जाऊन बसली. माणसं सांभाळणं ही कला आहे.

१८ फेब्रुवारी
प्राचीनं पुन्हा सांगितलं, सर, शेवटचं सांगते, काच थांबत नाहीये. मी तिची जागा प्रिंटरजवळ हलवली. तिथे वारा चांगला येतो.

२१ फेब्रुवारी
प्राचीच्या फॉर्मवर लिहिलं: ‘कष्टाळू. शब्दांचं अंग नाही. कायम करू नये.’ सही आता करत नाही. डेमो होईपर्यंत ती लागेल.

विभागप्रमुखाच्या केबिनचा पडदा बघून आलो. बदलावा लागेल.

२४ फेब्रुवारी. सकाळी ८.५५
मशीनवर बोट. हिरवा दिवा. शुभ.

२५ फेब्रुवारी
डाव्या हातानं लिहितो आहे. थोडक्यात.

पुण्याचे दोघे. कागदपत्रं आवडली असावीत, कारण त्यातल्या बाईंनी ४७ दोनदा वाचली. मग विचारलं, अडथळा म्हणजे मानवी अवयव, आणि निकाल पास. कोणाचा अवयव?

मी म्हणालो, तत्त्वतः. त्या म्हणाल्या, दाखवा ना.

मी प्राचीकडे पाहिलं. टेस्टिंग तिच्याकडे आहे. ती सरळ उभी राहिली. सर, व्याख्या तुमची आहे, बोट पण तुमचंच असू दे.

मनमोहन सर घड्याळ बघत होते. मागे हटलो असतो तर बासष्ट ओळींचा प्रश्न होता. मी हसून बोट ठेवलं.

काच थांबली नाही. ग्रेसफुली तर नाहीच. प्राचीनं लाल बटण दाबलं म्हणून बाकीची बोटं वाचली, असं सगळे सांगतात. माझ्या मते ती पाऊण सेकंद उशिरा होती. नोंद करायला हवी.

परळच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी उजव्या तर्जनीचं टोक काढलं. अर्धा इंच. एकूण माणसाच्या मानानं फार नाही. सुमती आली. रडेल वाटलं होतं. गाजर होतं का, म्हणाली.

१ मार्च
मनमोहन सरांचा फोन. तब्येत विचारली, मग ४७ विचारली. पुणेकरांनी काम ठेवलं आहे, पण ४७ प्राचीनं नव्यानं लिहायची या अटीवर. तिला कायम केलं. फॉर्मवर सही त्यांनीच केली. माझा शेरा वाचला का, असं विचारलं. वाचला, म्हणाले. लगेच विषय बदलला. भारावले असावेत.

नवी ४७ त्यांनी वाचून दाखवली: ‘काचेचा जोर १०० न्यूटनपेक्षा जास्त नसावा.’ कोरडी. लय नाही.

माझं काय, विचारलं. तू ये तर आधी, म्हणाले. म्हणजे केबिन तयार होते आहे.

संकल्प: परत गेल्यावर प्राचीला मोठ्या मनानं माफ करणं. सर्वांसमोर.

१० मार्च, सोमवार. सकाळी ९.००
मशीनवर बोट. बँडेज. लाल दिवा. मधलं बोट, लाल. अंगठा, लाल. डावा हात पूर्ण, लाल.

रामूनं एचआरला फोन लावला. ते म्हणाले, एकच बोट नोंदवलेलं आहे, नियम लेखी आहे, दुसरं घेता येत नाही. कोणी लिहिला असला नियम, रामूनं विचारलं. मी बँडेज नीट केलं. नियमात दोष नाही. बोटात आहे.

व्हिजिटरमध्ये लिहा साहेब, म्हणाला. रजिस्टर पुढे केलं. नाव: देवदत्त. कोणाला भेटायचं: मनमोहन सर. रामूनं वर विचारलं. सर म्हणाले, प्राची मॅडमकडे पाठव, त्यांनी हो म्हटलं तर. खोडून प्राची लिहिलं. डाव्या हातानं वेळ लागला. मागे रांग झाली.

शेवटचा रकाना, कामाचं स्वरूप. तिथे मी अडलो. रामूनं माझ्याकडे पाहिलं, बँडेजकडे पाहिलं, पेन काढून घेतलं आणि स्वतःच लिहिलं: सॅम्पल.

अक्षर चांगलं आहे त्याचं.