आधी सिस्टम, मग केसेस

३ नोव्हेंबर, हिंगणघाट
दिवाळी संपली, आळस संपला. आजपासून वकिली पेपरलेस. प्रश्न एकच: केस मॅनेजमेंट सॉफ्टवेअर घ्यायचं की प्रॅक्टिस मॅनेजमेंट? पहिलं तारखा आणि कागद सांभाळतं. दुसरं अख्खं ऑफिस: फी, पक्षकार, स्टाफ. माझ्याकडे सध्या केस एक, स्टाफ शून्य. पण आधी सिस्टम, मग केसेस. बायको म्हणाली, एका केसले कॅलेंडरही जास्त होते. रक्षाला व्हिजन नाही.

७ नोव्हेंबर
अल्लीपूरहून अनुसयाबाई आल्या. ती एक केस यांचीच. शेजाऱ्याने शेताच्या रस्त्यावर नाली खोदली. रस्ता मोकळा करून मागणारा अर्ज आहे. म्हणाल्या, ‘कापूस फुटला साहेब, बैलबंडी निघून नाई राह्यली. एकवीस तारखेले होऊन जाईन ना?’ म्हटलं, शंभर टक्के. मग त्यांना सॉफ्टवेअरच्या जाहिरातीतला डॅशबोर्ड दाखवला. त्यांनी बसची वेळ विचारली.

१२ नोव्हेंबर
केस मॅनेजमेंटची फ्री ट्रायल. बाईंची केस भरली. ‘पुढील तारीख’ विचारलं. एकवीसला तारीखच पडणार. दरवेळी पडते, बहुतेकदा मीच मागतो. म्हणून थेट अठ्ठावीस टाकली. दूरदृष्टी! सॉफ्टवेअरने बाईंना लगेच मेसेजही धाडला. काय स्पीड!

२० नोव्हेंबर
उद्या नागपूरला प्रॅक्टिस मॅनेजमेंटवाल्यांचा डेमो, जेवणासह. जाणं भाग आहे. शेजारच्या टेबलावरच्या हेमराज वकिलाला सांगितलं, माझ्यासाठी तारीख मागून घे. बिचारा अजून फायलींना नाड्या बांधतो.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळ
डेमो अप्रतिम. पनीरही.
हेमराजचा फोन. जजसाहेबांनी तारीख दिली नाही. समोरचा वकील तयारीत, आपल्याकडून कोणीच नाही. अर्ज खारीज. वर मलाच विचारतो, बाई तरी काऊन नाई आल्या? आता पक्षकारांना शिस्त नाही, त्याला मी काय करू.

२८ नोव्हेंबर
अनुसयाबाई सकाळीच कोर्टात हजर, हातात डबा. मोबाइल पुढे केला. ‘तुमीच त धाडला मॅसेज.’ सर्व्हरचा प्रॉब्लेम, म्हटलं. रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर समजूत तरी घालता आली असती. नुसत्या बाकावर बसून राहिल्या. शेवटी मीच मागच्या दाराने निघालो.
दोष केस मॅनेजमेंटचा. प्रॅक्टिस मॅनेजमेंट असतं तर हे झालंच नसतं.

२ डिसेंबर
बाई माझी ना-हरकत सही घ्यायला आल्या. अर्ज पुन्हा लावायला नवीन वकील करायचा आहे. कोण, तर हेमराज. न राहवून विचारलं, त्याच्याकडे सिस्टम कोणती? म्हणाल्या, ‘थे मले नाई माहीत. पुकारा झाला का उभे राह्यते.’
सही केली. पेनही त्यांनीच आणला होता.
त्या गेल्यावर सॉफ्टवेअरमध्ये केस बंद केली. स्क्रीनवर रंगीत फुगे उडाले. खाली लिहून आलं: ‘आपलं एकही काम बाकी नाही. अभिनंदन!’