अठरा सेकंदांचा सूर

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८.

आजपासून रोजनिशी. ही फक्त माझ्यासाठी आहे, त्यामुळे इथे मोठेपणा मिरवण्याचं कारण नाही. वस्तीचा समूहगानाचा ग्रुप जो काही आहे तो माझ्यामुळे आहे, एवढं फक्त नोंदवून ठेवतो.

स्पर्धा २७ एप्रिलला. गेल्या वर्षी जिंकलेल्या ग्रुपने शेवटचा सूर अठरा सेकंद धरला होता. मी प्रेक्षकांत बसून मोजला. धंदा घड्याळदुरुस्तीचा, त्यामुळे सेकंदांच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. यंदा अठरा पार करायचे.

प्रॅक्टिस सोम-बुध-शुक्र संध्याकाळी साडेसहाला, शिवाय रविवारी. जागा: पार्सल कंपनीच्या गोदामावरचा हॉल. पद्धत माझी स्वतःची. शेवटच्या सुराला मीही बावीस जणांबरोबर गातो, त्यांना धीर म्हणून. माझा हात वर असेपर्यंत सूर. हात खाली आला की सगळे एकदम बंद. चार वर्षांत ही शिस्त त्यांच्या अंगात भिनवली आहे. दुसऱ्या हातात स्टॉपवॉच.

रात्री ८.३०. पंधरा सेकंद. सुरुवातीला ठीक.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चौदा. कारण शोधलं: मंडळी प्रॅक्टिसच्या आधी गार पाणी पितात. बंदी घातली.

आमच्या हिने (तीही ग्रुपमध्ये गाते) वेगळंच काढलं. म्हणाली, खिडकीखाली सहा व्हॅन उभ्या असतात, पार्सलं भरून होईपर्यंत इंजिनं चालू, सगळा धूर वर येतो. बंद करायला सांगता येणार नाही का? मी म्हटलं, विचार करतो. विचार केला. नाही सांगता येणार. गोदामाचे मॅनेजर म्हणजे आमचे खर्जसाहेब. ग्रुपमधला खर्जातला खरा आवाज त्यांचाच. बाकीची पुरुषमंडळी नुसतीच जाड आवाजात बोलतात. ते रुसले तर ग्रुप पोकळ झालाच म्हणून समजा. उलट पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हणालो होतो की तुमच्या गाड्यांचा घुमघुमाट आम्हाला आधाराला बरा पडतो. माणूस केवढा फुलला होता.

धुराचं म्हणाल तर मी खिडकी सताड उघडी ठेवतो आणि खिडकीलाच पाठ लावून उभा राहतो. फुप्फुसांना ताजी हवा लागते.

आज ‘श्वास आणि शिस्त’ या विषयावर चाळीस मिनिटं बोललो. दोघांना डुलकी लागली. त्यांची नावं लक्षात ठेवली आहेत.

९ फेब्रुवारी, रविवार

सतरा! परवाच्या व्याख्यानाचा परिणाम. दुसरं काय असणार? आज सगळं तेच होतं. फक्त गोदामाला सुट्टी असल्यामुळे खालची गडबड नव्हती.

१० फेब्रुवारी, सोमवार

चौदा. संकल्प: यापुढे प्रत्येक प्रॅक्टिसला व्याख्यान.

१६ फेब्रुवारी, रविवार

सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी व्याख्यान दिलं. तेरा, तेरा, तेरा. आज दिलं नाही (घसा बसला होता) आणि सोळा. निष्कर्ष: व्याख्यान मुरायला दोन दिवस लागतात.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बेकरीवाल्या मावशींना खोकला. पहिल्या ओळीत उभ्या राहून नेमक्या नाजूक जागी खोकतात. त्यांना तिसऱ्या ओळीत पाठवलं. तिसऱ्या ओळीत आधीच दोघं खोकत होते, त्यामुळे त्यांना सोबत झाली.

हिचं डोकं दुखतं म्हणे. दर सोमवारी दुखतं, रविवारी दुखत नाही. मी म्हटलं, मग ते डोकं नाही, आळस आहे.

समोरच्या इमारतीतले लोक आमची प्रॅक्टिस सुरू व्हायच्या वेळेला धडाधड खिडक्या लावून घेतात. कलेबद्दल इतका आकस मी कुठे पाहिला नाही.

५ मार्च, बुधवार. दुपारी १, दुकानात.

काल एका गिऱ्हाईकाला समजावलं की घड्याळात केसाएवढा धुळीचा कण गेला तरी चाल बिघडते. म्हणून मी ते काचेखाली झाकून ठेवतो, उघड्यावर कधीच नाही. गिऱ्हाईक चाट पडलं. लोकांना यंत्राची किंमत कळत नाही.

संध्याकाळी. अकरा. आकडा माझ्या हातून लिहवत नाही. खर्जसाहेबसुद्धा आज खालच्या स्वरावर घोगरले. त्यांना म्हटलं, हवामान बदलतंय. ते म्हणाले, हो ना.

१२ मार्च, बुधवार

ग्रुपमधल्या नर्सबाई छातीच्या दवाखान्यात काम करतात. आज त्यांनी फुंकायची एक प्लॅस्टिकची नळी आणली. जोरात फुंकलं की काटा सरकतो, छातीत किती दम आहे ते कळतं. प्रत्येकाने तीनदा फुंकायचं, त्यातला चांगला आकडा घ्यायचा. कल्पना बरी आहे. मीच काढणार होतो.

माझा आकडा तीनशे चाळीस. मी म्हटलं, मी तयार नव्हतो. अकरा वेळा फुंकलं, तेव्हा तीनशे नव्वद आला. बाईंनी तरी तीनशे चाळीसच लिहिला. वर म्हणाल्या की मास्तर, तुमच्या उंचीला आणि वयाला साडेपाचशेच्या आसपास हवा. मी म्हटलं, ते तक्ते रिकामटेकड्या लोकांवरून काढलेले असतात. माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकत होते म्हणून जास्त वाद घातला नाही.

२१ मार्च, शुक्रवार

हॉलच्या जिन्यात मधल्या टप्प्यावर नोटीस बोर्ड आहे. हल्ली मी वर जाताना थांबून रोज वाचतो. नागरिकाने जागरूक असावं. नोटीस एकच आहे, गेल्या वर्षीची.

दहा सेकंद.

२८ मार्च, शुक्रवार

आज ही प्रॅक्टिसला आली नाही. घरी गेलो तर ओट्याशी उभी होती, छातीवर हात ठेवून. म्हणाली, त्या हॉलमध्ये तिला श्वास पुरत नाही, आणि मलाही पुरत नाही, पण मी ऐकणाऱ्यातला नाही. बायकांमधला मुख्य आवाज हिचा. स्पर्धा महिन्यावर आली आणि ही संपावर. मला वाटतं, मधला एकल तुकडा मी नर्सबाईंना दिला तो राग असावा. तुकडा परत द्यायला तयार आहे असं म्हणालो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी दुकानाची किल्ली शोधायला लागलो. किल्ली माझ्या हातातच होती.

३० मार्च, रविवार

नर्सबाईंनी माझं प्रॅक्टिसचं रजिस्टर बघायला मागितलं. मी आनंदाने दिलं. त्यांनी रविवारच्या आकड्यांखाली लाल रेघा मारल्या आणि शेजारी नळीचे आकडे मांडले (काही जणांना त्या अधूनमधून फुंकायला लावत होत्या). सगळे रविवार चांगले, सगळे कामाचे दिवस वाईट. मला विचारलं, काय दिसतं? मी म्हटलं, मी केव्हापासून हेच सांगतोय. व्याख्यान मुरायला दोन दिवस लागतात.

बाईंनी रजिस्टर मिटून परत दिलं. पटलं असावं.

२ एप्रिल, बुधवार

माझ्या पाठीमागे कट झाला. ही आणि नर्सबाई दोघी थेट खर्जसाहेबांच्या केबिनमध्ये गेल्या आणि इंजिनांचं बोलल्या. मला कळलं तेव्हा हातातला चिमटा खाली पडला. आता खर्ज गेला, ग्रुप गेला, चार वर्षं पाण्यात.

संध्याकाळी ही सांगत होती. खर्जसाहेब म्हणाले, “अहो, मग आधी सांगायचं ना. मास्तरच म्हणाले होते की गाड्यांचा घुमघुमाट आधाराला बरा पडतो. पार्सलं पंधरा मिनिटांत भरून होतात. तुमचं गाणं संपेपर्यंत इंजिनं चालू ठेवा असं मीच ड्रायव्हरांना बजावून ठेवलंय.” ड्रायव्हर लोक केव्हाचे कुरकुरत होते म्हणे, डोळे चुरचुरतात, घरी गेल्यावर खोकला येतो. साहेब त्यांना सांगायचे, कलेसाठी एवढं सोसा.

मी सौजन्याने एक वाक्य बोललो, त्याचा लोकांनी हा अर्थ काढला. यात माझा दोष कुठे येतो ते मला समजत नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

इंजिनं बंद. नोटीस बोर्डावर मी एक कागद लावला: ‘धूरमुक्त प्रॅक्टिस. एक उपक्रम.’ खाली सही माझी. लावून झाल्यावर तिथेच जरा टेकलो.

ही आली आज. बरं वाटलं. तिला सांगितलं नाही.

९ एप्रिल, बुधवार

समोरच्या इमारतीच्या खिडक्या उघड्या. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन खुर्ची टाकून गॅलरीत बसले होते, त्यांची सून मुलाला कडेवर घेऊन उभी. अखेर आमच्या गाण्याने त्यांना जिंकलं. ड्रायव्हरसुद्धा खाली बसून ऐकतात, एक जण तर बरोबर गुणगुणतो.

मावशींचा खोकला थांबला, त्या पहिल्या ओळीत परत. खर्जसाहेबांचा आवाज असा लागला की खिडकीची काच थरथरली.

सूर: दहा सेकंद.

१६ एप्रिल, बुधवार

नऊ. रविवारीसुद्धा दहाच होते.

आता नीट विचार करू. हवा स्वच्छ झाली. तरी सेकंद वाढत नाहीत. म्हणजे दोष हवेचा नव्हताच. मी पहिल्यापासून म्हणत होतो, पण घरात आणि ग्रुपात माझं ऐकतं कोण? ग्रुपला स्पष्ट सांगितलं की तुमच्यात दम नाही. सगळे खाली बघत होते. लाज वाटली असावी.

२३ एप्रिल, बुधवार

पुन्हा नळी. एकवीस जणांचे आकडे वाढले, बाविसाव्या नर्सबाई स्वतः, त्यांचाही वाढला. माझा तीनशे तीस. ती नळी उंच माणसांसाठी नाही असं माझं मत झालं आहे. बाईंनी बाजूला घेऊन सांगितलं की मास्तर, सगळ्यात जास्त धूर तुम्ही घेतलात, खिडकीत तुम्ही उभे होतात, एकदा छातीच्या डॉक्टरांना दाखवा. मी म्हटलं, स्पर्धा झाल्यावर बघू. मी पुढचं वाक्य पुरं करण्याआधी मध्ये थांबलो, ते त्यांनी बघितलं. विचार करण्यासाठी थांबलो होतो.

सेकंद: नऊ.

२५ एप्रिल, शुक्रवार

प्रॅक्टिस संपल्यावर मंडळी घरी जाईनात. कोपऱ्यात घोळका करून कुजबुजत होती, मध्यभागी ही. मी जवळ गेलो तसे पांगले. माझ्या सत्काराची तयारी दिसते. माहीत नसल्यासारखं दाखवायचं ठरवलं आहे.

२७ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ७.

स्पर्धा झाली. जसं घडलं तसं लिहितो.

गाणं छान गेलं. शेवटचा सूर आला. हात वर केला, स्टॉपवॉच दाबलं, त्यांच्याबरोबर गायला लागलो. सातव्या सेकंदाला छाती आवळल्यासारखी झाली. नवव्याला दम संपला, आणि हात खाली आला.

सूर थांबला नाही.

मला वाटलं, त्यांचं लक्ष नाही. परत हात खाली केला. तो खालीच होता. बावीस जण गात होते आणि माझ्याकडे कोणीही बघत नव्हतं. सगळे हिच्याकडे बघत होते. हिने पदराआडून एक हात थोडा वर धरला होता. मी तिथे नुसता उभा. इतक्या जवळून मी त्यांचा सूर कधी ऐकलाच नव्हता, कारण मी नेहमी मध्ये गात असायचो. एकवीस सेकंदांनी हिने हात मिटला.

दुसरा नंबर. परीक्षक मुद्दाम माझ्याजवळ आले. म्हणाले, शेवटी स्वतःचा आवाज आणि हात काढून घेऊन समूहाला मोकळं सोडलंत, असा विश्वास टाकणारा माणूस विरळा. मी मान लववून आभार मानले. तेवढं मी केलं, आणि ते बरोबर नाही हे मला तिथेच कळत होतं.

बसमध्ये हिला विचारलं. तिने शांतपणे सांगितलं. इंजिनं बंद झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यापासून सगळ्यांचा दम अठराच्या पुढे पुरत होता. पण माझा हात खाली आला की ते थांबायचे, मला वाईट वाटू नये म्हणून. परवा सगळ्यांनी ठरवलं की स्टेजवर थांबायचं नाही.

म्हणजे रजिस्टरातले एप्रिलचे आकडे ग्रुपचे नव्हते. माझे होते. आणि त्यांच्यात दम नाही असं मी त्यांना तोंडावर म्हणालो, तेव्हा ते माझ्यासाठी गप्प बसले होते.

मी म्हटलं, आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “रोज सांगत होते. तुम्ही सेकंद मोजत होतात.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाली की तिला फार भीती वाटते. मंगळवारी साडेदहाची डॉक्टरांची वेळ तिने परस्पर घेतली आहे. मी हो म्हणालो. भीती मलाही वाटते आहे.

घराच्या जिन्यात दुसऱ्या मजल्याआधी मी वाकलो आणि तिला म्हणालो, तू हो पुढे, बुटाची लेस सुटली आहे. ती पुढे गेली नाही. एक पायरी खाली उतरली, माझा हात धरला आणि उभी राहिली.

लेस सुटलेली नव्हती.